इंदूताईंची आठ वार चौकडी

इंदूताई बुगडांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या ओढणीमुळे.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात आमची कापड एक्सपोर्ट करणारी कंपनी. तिथे शिपिंगच्या कागदपत्रांसाठी मी नव्याने लागले होते. पहिल्याच सकाळी गोदामातून ऑफिसच्या जिन्याकडे निघाले, तर मागून कुणीतरी ओढणी खेचली. वळून बघते तो पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, जाड चष्म्याची एक बाई माझ्या ओढणीचं टोक दोन बोटांत चोळत उभी. माझ्या तोंडाकडे तिचं लक्षच नव्हतं.

"प्युअर कॉटन म्हणून दिली काय गं तुला?"

"हो. डोंबिवलीत घेतली."

"फसवलंय. ताणा कॉटन हाय, बाणा सगळा पॉलिस्टर." मग कुठे तिने वर बघितलं. "मी इंदू. क्यूसी बघतो हितं, मालाची तपासणी. तू शिपिंगला आलीयास न्हवं? चल, चहा पितो."

'बघतो', 'पितो' ऐकून मी क्षणभर गोंधळले. इचलकरंजीकडच्या बायका असंच बोलतात हे तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून मला माझं नाव राहिलं नाही. मी कायमची 'डोंबिवली' झाले.

गोदामात वरून उजेड येईल अशा पत्र्याखाली त्यांचं टेबल होतं, पिंगपाँगच्या टेबलाएवढं. भारतातून आलेला प्रत्येक ताका त्यावर उलगडायचा आणि इंदूताईंनी 'पास' म्हटल्याशिवाय गासडीत बांधला जायचा नाही. धागे मोजायचं पितळी भिंग त्यांच्या गळ्यात असायचं, पण ते शेवटी. आधी त्या कापडाचा वास घ्यायच्या. मग गालाला लावायच्या. मग डोळे मिटून किनारीवरून अंगठा फिरवत टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायच्या. मधेच थांबल्या की समजावं, तिथे धागा तुटलाय. मी पुष्कळदा भिंग लावून पाहिलं, एकदाही चुकल्या नाहीत.

मग पुरवठादाराला फोन. "काय हो मालक, तुमच्या मागाला पडसं झालंय व्हय? दर हातभर गेलं की शिंकालाय त्यो!" पलीकडचा माणूस कोईमतूरचा असो की भिवंडीचा, त्या मराठीतच बोलायच्या. त्याला कळायचं. घाबरायचाही.

वडिलांचे चार यंत्रमाग होते, लहानपणी शाळेतून आलं की कांड्या भरायला बसावं लागायचं, एवढंच त्यांनी कधीतरी सांगितलं. नवरा, आप्पा, इथेच एका गॅरेजात फोरमन. मुलगा बंगळुरात. बाकी सगळं बोलणं कापडाचं. ऑफिसात कुणी तेलाची, सोन्याची बढाई मारली की त्या उसळून यायच्या. "तेल काल आलं रे हबीबी! त्याच्या आधी लोक आपल्या कापडापायी जीव धोक्यात घालून समुद्रात उतरायची. आपलं कापड म्हंजे जगाला याड!" हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा तरी ऐकलं असेल, आणि प्रत्येक वेळी त्यांचे डोळे लकाकायचे.

आम्ही दोघी दुबईत अल कुसैसला राहायचो, शेजारशेजारच्या इमारतींत. माझ्या गाडीतून जाणं-येणं. संध्याकाळी भाजी घ्यायला थांबलं की "गवार धा दिरहम? म्हंजे दोनशे तीस रुपये! सोन्याच्या शेंगा हायत काय?" असं दुकानदाराला ऐकवून त्या ती गवार घ्यायच्याच.

आमचं निम्मं कापड पश्चिम आफ्रिकेत जायचं. नायजेरियाच्या दक्षिणेला, जिथे नदीला असंख्य खाड्या फुटून समुद्राला मिळतात, त्या मुलखातली एक गिऱ्हाईक वर्षातून दोनदा स्वतः माल निवडायला यायची. नाव बेलेमा. साठीच्या घरातली, उंच, भरदार, दारात उभी राहिली की दार लहान वाटावं अशी. तिकडे मोठ्या बाईला मानाने 'मामा' म्हणतात, म्हणून आमचे मालक हरीशभाई तिला 'मामा बेलेमा' म्हणायचे. इंदूताईंना ते मुळीच पटलं नाही. "बाई हाय न्हवं ती? मग मामा कशी? मी मामी म्हणतो." झालं. पुढे गोदामातली सगळी माणसं तिला मामीच म्हणू लागली आणि तिलाही ते आवडलं.

त्या दोघींची पहिली भेट मी पाहिली आहे. मामी कमरेला चौकडीचं कापड गुंडाळून आली होती, निळं-तांबडं. त्या कापडात ओळीने बारीक बारीक भोकं. इंदूताईंनी ते लांबून पाहिलं आणि टेबल सोडून धावल्या. मामीच्या पायाशी उकिडव्या बसल्या, कापडाचं टोक धरलं आणि भिंग लावलं.

मामीने वरून खाली पाहिलं. "ही बाई काय शोधतेय?" तिने मला इंग्रजीत विचारलं.

"सांग तिला," इंदूताई खालूनच ओरडल्या, "ह्यो ताका आपण दिला आसंल तर परत घेतो. शंभर ठिकाणी धागं गेल्यात! कुणी पास केला ह्यो?"

मी भाषांतर केलं. मामी इतक्या मोठ्याने हसली की फोर्कलिफ्टवरच्या युनूसने गाडी थांबवली. मग तिने बॅगेतून सुई आणि ब्लेडचा तुकडा काढला, टेबलावरचा एक चौकडीचा नमुना ओढून घेतला, सुईने एक पांढरा धागा उचलला आणि कच्चकन कापला.

"अगं बाई, तोडाली की ही!" इंदूताईंनी तिचं मनगटच धरलं.

मामीने दुसऱ्या हाताने ते हळूच सोडवलं आणि काम चालू ठेवलं. धागा उचलायचा, कापायचा, ओढून काढायचा. अर्ध्या तासात तळहाताएवढ्या जागेतल्या पांढऱ्या रेघा नाहीशा झाल्या आणि चौकडीतून वेगळीच नक्षी वर आली, जाळीसारखी, तरीही कापड घट्टच. इंदूताई तोवर टेबलावर कोपरं टेकून, श्वास रोखून बघत होत्या.

"तुम्ही विणता," मामी म्हणाली, "पण दुकानातून आणलेलं कापड आमचं नसतं. आमच्या बायका धागे काढतात, तेव्हा ते आमचं होतं. लग्नाला हेच, बाळंतपणाला हेच, मेल्यावरही हेच."

मी सांगितलं. इंदूताईंनी तो नमुना गालाला लावला. "पास," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मामी आली की दोघी टेबलाला खुर्च्या लावून बसायच्या. एक इंग्रजी बोलायची, एक इचलकरंजी, मधे मी. मी फोनवर असले तरी त्यांचं काही अडायचं नाही. कापड हातात असलं की त्यांना एकमेकींचं सगळं समजायचं.

दीडेक वर्षाने, एका जानेवारीत, मामी अचानक आली. तिची आई गेली होती, नव्वदी पार केलेली. त्यांच्याकडे अंत्यविधी लगेच होत नाही. घराण्याची सगळी माणसं जमायला अडीच-तीन महिने लागतात, तोवर देह शवागारात ठेवतात. मग घरातल्या खोलीत पलंग सजवतात, पेटीतली पिढ्यान्‌पिढ्यांची कापडं त्यावर घालतात आणि त्यावर गेलेल्या माणसाला ठेवतात. मामीने पिशवीतून मलमलीत गुंडाळलेली एक घडी काढली. आईच्या पेटीतलं सगळ्यात जुनं कापड. घडी उलगडली तशी ती ठिकठिकाणी विरली. "हे आता पसरता येत नाही," ती म्हणाली. "पण आईखाली हेच हवं. मला अगदी असंच करून द्या. आठ वार."

इंदूताई आधी हात धुवून आल्या. मग वास घेतला. गाल मात्र नाही लावला, इतकं ते जीर्ण होतं. भिंग ठेवलं आणि पुढच्या क्षणी त्या अक्षरशः किंचाळल्या.

"हातचं सूत! टकळीचं, चरख्याचं, काय आसंल ते, पण हातचं! खरी नीळ! युनूस, ये हिकडं! हरीशभाईंना बोलव खाली!" वॉचमनसुद्धा आला. इंदूताई टेबलाभोवती फेऱ्या मारत होत्या. "बघा की! आपल्याकडचं हाय! पूर्वेच्या किनाऱ्याकडचं, आंध्राकडचं. दोनशे वर्षांचं तरी आसंल. एवढा समुद्र वलांडून गेलंय आणि किनार बघा, किनार अजून शाबूत! डोंबिवली, इचार की तिला, कसं गेलं तिकडं? कुठल्या जहाजातनं?"

मी विचारलं. मामीचं हसू गेलं. तिने खुर्ची ओढली, बसली आणि मला भाषांतर करता यावं म्हणून एकेक वाक्य थांबून बोलू लागली.

नदीच्या मुखाशी गोऱ्या व्यापाऱ्यांची जहाजं नांगर टाकायची. ते आत येत नसत. आतल्या घराण्यांच्या मोठ्या होड्या त्यांच्याकडे जायच्या. जहाजातून होडीत कापड उतरायचं. भारतातलं कापड, आधी लंडनला गेलेलं आणि तिथून इकडे आलेलं. इंग्रजांनी तसंच कापड स्वतः करून पाहिलं, पण आमची म्हातारी माणसं हुशार. वास घ्यायची, जिभेला लावून बघायची, नीळ खरी नसेल तर परत पाठवायची. त्यांना भारताचंच हवं असायचं.

हे ऐकून इंदूताई खुलल्या. "बघ! मी सांगत न्हवतो?"

"आणि होडीतून जहाजात," मामी म्हणाली, "माणसं चढायची."

मी अडखळले, पण सांगितलं.

"माणसं म्हंजे? कामाला?"

"नाही ताई. विकायला," मामीचं उत्तर मी सांगितलं. "जहाज तिथून अमेरिकेकडे जायचं. उसाच्या मळ्यांवर, कापसाच्या मळ्यांवर. परत कुणी यायचं नाही."

"कापडाच्या बदल्यात?"

"बंदुका, दारू, भांडी, सगळंच असायचं. पण कापड हवंच."

इंदूताईंनी टेबलावरचे हात मागे घेतले. मामी पुढे सांगत राहिली. तिच्या आईच्या घराण्याने माणसं विकली होती. आणि त्याच घरात, आईच्या पणजीची जी आई, तिला लहान असताना नदीच्या वरच्या अंगाच्या कुठल्याशा गावातून धरून आणलं होतं, जहाजावर चढवायला. ती चढली नाही, कारण घरातल्या मोठ्या बाईला तिचे हात आवडले. बारीक, चपळ. तिला धागे काढायला बसवलं. मोठी झाल्यावर त्याच घरात तिला मुलं झाली. "हे धागे," मामीने त्या विरलेल्या जाळीवर बोट ठेवलं, "तिने काढलेत. विकणाऱ्यांचं रक्त माझ्यात आहे आणि हिचंही. कुणाला टाकू?"

इंदूताईंनी विचारलं, "एक माणूस किती ताक्यांना?"

"तो आकडा आमच्या घरात कुणी सांगत नाही," मामी म्हणाली.

त्या संध्याकाळी शारजाची हद्द ओलांडायच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही तासभर अडकलो, तरी इंदूताईंनी कुणाला शिवी दिली नाही. अल कुसैसची वळणं आली तेव्हा म्हणाल्या, "विणणाऱ्याला म्हाईत आसंल काय गं?"

"कसं माहीत असणार?"

"व्हय. माझ्या बापाला तरी कुठं म्हाईत होतं, त्याचं कापड कुठं जातंय ते."

मला वाटलं, आता ही बाई कापडाला हात लावताना कचरेल. झालं उलटंच. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या माझ्या दारात हजर, आणि बसायच्या आधीच, "ते लंडनचं काय म्हणाली ती? सगळं सांग. सुरुवातीपासनं." मला जे येत होतं ते मी सांगितलं. पुरलं नाही. शनिवारी त्या जेवायलाच आल्या. माझी मुलगी आर्या नववीत, ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत. तिच्या इतिहासाच्या पुस्तकात हा धडाच होता. नकाशावर तीन जाड बाण काढलेले. युरोपातून आफ्रिका, आफ्रिकेतून अमेरिका, अमेरिकेतून परत युरोप. इंदूताईंनी चष्मा वर करून तो नकाशा डोळ्यांशी नेला.

"हितं आपण कुठं हाय?"

"इंडिया इजंट इन इट, आँटी. इट्स अ ट्रँगल," आर्या म्हणाली.

"कशाचा ट्रँगल! ह्ये कापड काय लंडनला झाडाला लागत होतं?" आणि त्यांनी माझ्या टेबलावरचं बॉलपेन उचलून, भारताच्या पूर्व किनाऱ्यापासून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून थेट लंडनपर्यंत एक निळा बाण ओढला. पान फाटेल इतका दाबून.

"आँटी! दॅट्स माय टेक्स्टबुक!"

"मग बरोबर करून दिलं की तुझं टेक्स्टबुक."

आर्या चिडून लॅपटॉप घेऊन बसली, बहुतेक त्यांना खोटं पाडायलाच. पाऊण तासाने खोलीतून बाहेर आली. "आई, शी इज राइट. शी इज टोटली राइट." पुढच्या आठवड्यात शाळेत तिच्या मॅडमने तिला पुढे बोलावून हे वर्गाला समजावून सांगायला लावलं आणि सगळ्या मुलांनी आपापल्या पुस्तकात चौथा बाण काढला. ही बातमी मी गाडीत दिली तेव्हा इंदूताईंनी डॅशबोर्डवर थाप मारली. "काढला? समद्यांनी काढला?" त्या दिवशी अख्ख्या गोदामाला सामोसे मिळाले. युनूसने कारण विचारलं तर म्हणाल्या, "हमारा गुन्हा किताब में आया." तो बिचारा सामोसा हातात धरून उभाच राहिला.

तोवर मामी जुनं कापड आमच्याकडे ठेवून परत गेली होती, आणि नवं मात्र अडलं होतं. हरीशभाईंनी नेहमीच्या एका मिलकडे ऑर्डर दिली होती. महिन्याने आठ वार आले. लांबून बघितलं तर हुबेहूब. इंदूताईंनी घडी नाकाशी नेली आणि तशीच खाली टाकली.

"मिलचं सूत. रंग केमिकल. रिजेक्ट."

हरीशभाई वरून खाली आले. माणूस वाईट नव्हता, पण तीन कंटेनर त्याच दिवशी सुटायचे होते. "इंदूबेन, देखने में सेम है. वहाँ कौन भिंग लेके बैठेगा?"

"वो बैठेगी. उसकी माँ के नीचे बिछाना है."

"टाइम कहाँ है? तीन हफ्ते बचे हैं. पास करो, खलास."

इंदूताईंनी गळ्यातलं भिंग काढलं, 'पास'चा शिक्का उचलला आणि दोन्ही वस्तू हरीशभाईंसमोर ठेवल्या. मग माझ्याकडे वळून बोलल्या, हिंदी त्यांना पुरेना म्हणून. "सांग त्यांना. बावीस वर्षं हितं काढली. कधी नाव ठेवाय जागा दिली न्हाई. ज्या काळात माणसं विकली तवा सुद्धा ती लोकं खोटं कापड परत पाठवत हुती. आणि आता एक लेक आपल्या आईपायी मागालीया, तर तिला खोटं द्यायचं? माझ्या हातनं न्हाई. दुसरा क्यूसी बघा."

मी सांगितलं, जसंच्या तसं. त्यांचा व्हिसा कंपनीचा होता, साठीनंतर कंपनी तो वाढवत नसे, आणि साठीला फक्त दोन वर्षं उरली होती. आप्पांचं गॅरेज नुकतंच बंद पडलेलं. हरीशभाईंनी भिंग उचलून परत इंदूताईंच्या हातात दिलं.

"कितने दिन लगेंगे?"

"तीन हफ्ते."

"तो बैठी क्यूँ हो? यल्ला, चलो!"

पुढचे वीस दिवस आमच्या गोदामात जत्रा होती. फोनाफोनी करून आंध्रच्या किनाऱ्यावरच्या एका गावातले म्हातारे हातमागवाले सापडले, सुब्बाराव. त्यांना फक्त तेलुगू. रोज जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल. इकडून इंदूताई बोटं दाखवून धागे सांगायच्या, तिकडून ते बोटं दाखवून नाही म्हणायचे, मग दोघं एकाच वेळी आपापल्या भाषेत ओरडायचे. अवघड काही आलं तर त्यांचा पुतण्या मधे पडून हिंदीत सांगायचा. रंगाला इतके दिवस, ताणा भरायला इतके, विणायला इतके. इंदूताईंनी भिंतीवर खडूने दिवस लिहिले होते. युनूस रोज येऊन एक खोडायचा.

पहिल्याच दिवशी इंदूताईंनी ते जुनं कापड फोनसमोर धरलं होतं. सुब्बाराव पडद्याच्या इतके जवळ आले की नुसता एक डोळा दिसत होता. मग ते उठले, बायकोला हाक मारली आणि दोघांनी फोनला हात जोडले.

"त्यांना सांगायचं," इंदूताई म्हणाल्या.

"काय?"

"कापड कुठं गेलं, कशापायी गेलं. विणणाऱ्याला एकदा तरी कळू दे."

मी पुतण्याला हिंदीत सगळं सांगितलं. त्याने तेलुगूत. सुब्बाराव मान खाली घालून ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं. धागे काढणाऱ्या त्या मुलीचं नाव काय?

मी मामीला मेसेज केला. उत्तर आलं: घरात तिला दिलेलं नाव माहीत आहे. तिचं स्वतःचं, आईबापाने ठेवलेलं, कुणालाच माहीत नाही.

पुतण्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं, काका पहाटे अंघोळ केल्याशिवाय या मागावर बसत नाहीत.

मामी कापड न्यायला परत आली होती, आणि ते तिच्या परतीच्या फ्लाइटच्याच दिवशी पोचलं. पुतण्याचा एक मित्र सकाळच्या विमानाने शारजाला उतरणार होता, त्याच्या बॅगेतून. त्याची बॅग पट्ट्यावर येता येईना. मी पार्किंगमध्ये, इंदूताई आगमनाच्या दाराशी, आतल्या पोराशी बोलून दर दोन मिनिटांनी त्यांचा मला फोन. "अजून न्हाई! हिरवी बॅग आली, लाल आली, त्याची न्हाई!" आणि मग काचेच्या दारातून ठेंगणी इंदूताई छातीशी पुडकं धरून पळत येताना दिसल्या, मागे तो बिचारा पोरगा नमस्कार करायला पळतोय. "मार गाडी, डोंबिवली!"

गोदामात मामी सुटकेसवर बसली होती. चार तासांवर विमान. इंदूताईंनी पुडकं सोडलं. वास घेतला. गाल लावला. डोळे मिटून टेबलाच्या कडेने चालायला लागल्या, किनारीवर अंगठा. आठ वार. एकदाही थांबल्या नाहीत. मग भिंग ठेवलं, पुटपुटत मोजलं, जुन्याशी ताडून पाहिलं.

"पास," त्या म्हणाल्या.

मामी उठली. तिने कापडाला हात लावला नाही. बॅगेतून सुई आणि ब्लेड काढून इंदूताईंपुढे धरलं. "पहिला धागा तू काढायचा."

"सांग तिला, मला न्हाई जमायचं. आख्खा जन्म तुटका धागा शोधण्यात गेला माझा. आता ह्याच्यातला तोडू?"

मी सांगितलं. मामी इंदूताईंकडे बघत सावकाश म्हणाली, "त्या मुलीलाही कुणी विचारलं नव्हतं, तुला जमेल का."

इंदूताईंनी चष्मा पदराला पुसला. वाकल्या. सुईने एक पांढरा धागा उचलला. धागा बरोबर तोच. कच्च. मग त्यांनी तो ओढायला सुरुवात केली, मधे तुटू न देता, सगळाच्या सगळा. ओढताना त्या रडत होत्या, हसतही होत्या, आणि मामी त्यांच्या पाठीवर थापा मारत आपल्या भाषेत काहीतरी मोठमोठ्याने म्हणत होती. त्याचं भाषांतर मला कुणी मागितलं नाही. शेवटी हरीशभाईच जिन्यावरून ओरडले, "अरे यल्ला, यल्ला! फ्लाइट!"

तीन आठवड्यांनी मामीने व्हिडिओ पाठवला. पलंग, त्यावर कापडांच्या घड्या, भोवती गाणाऱ्या बायका, आणि सगळ्यात खाली सुब्बारावांची चौकडी. तिच्यावर आता जाळी उमटली होती. गावातल्या बायकांनी रात्रंदिवस बसून धागे काढले होते. इंदूताईंनी तो व्हिडिओ टेबलावर ठेवून निदान दहा वेळा पाहिला. दहाव्या वेळी म्हणाल्या, "डावीकडची घडी वाकडी आलीया." आणि अकराव्यांदा लावला.

साठी झाली, त्यांचा व्हिसा संपला. आप्पा सामान घेऊन आधीच इचलकरंजीला गेले होते. इंदूताईंनी मात्र जायच्या आधी दहा दिवसांचं नायजेरियाचं तिकीट काढलं. आप्पा फोनवर ओरडत होते ते मला गाडीत शेजारी बसून ऐकू येत होतं. "सगळी लोकं घरला येत्यात, आणि तू नायजेरिया? याड लागलंय काय?" "आलो की धा दिवसांत! मामीनं बोलवलंय," एवढं बोलून इंदूताईंनी फोन ठेवला.

तिकडून त्या परस्पर इचलकरंजीला जाणार होत्या, म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते फोनवरच. सोमवारी भर दुपारी, पॅकिंग लिस्ट करत असताना व्हिडिओ कॉल आला. उचलला तर वारा, इंजिनाची घरघर, आणि सहावारी पातळावर नारिंगी लाइफ जॅकेट चढवलेल्या इंदूताई. केस सगळे विस्कटलेले. "डोंबिवली! दिसालंय काय? होडीत हाय मी, होडीत!" त्यांनी फोन फिरवला. तपकिरी पाणी, दोन्हीकडे खारफुटी, मग काठ लांब लांब होत गेले आणि समोर सगळं मोकळं झालं. मामीचा हात पडद्यात आला, लांब कुठेतरी दाखवणारा. इंजिन बंद झालं.

"तितं जहाजं थांबायची म्हणं," इंदूताई म्हणाल्या.

पाण्याचा लपलप आवाज तेवढा येत होता. मग होडीच्या कडेवरून त्यांचा हात खाली गेला आणि पाण्यात बुडाला. बराच वेळ तसाच राहिला.

"ठेवतो गं," शेवटी आवाज आला. "पुढं गाव हाय. बाया वाट बघाल्यात."

फोन बंद करायचा राहिला. तो कुठेतरी टेकवून ठेवलेला असावा, कारण मला होडीचं टोक दिसत होतं, आणि जवळ येणारा लाकडी धक्का, आणि त्यावर चौकडीची कापडं नेसलेल्या बायकांची रांग. इंदूताईंनी एका हाताने पातळ वर धरलं, एक पाय होडीच्या काठावर ठेवला आणि दुसरा हात वर केला. वरून एकदम चार-पाच हात खाली आले. त्यातल्या कुणीतरी त्यांना वर ओढलं, आणि तिथे रेंज गेली.